विहिरीत काही नाही

केदारखेडा, ता. भोकरदन, जि. औरंगाबाद
११ फेब्रुवारी १९७३

ती. दादास,
सप्रेम जयभीम.

तार केली नाही म्हणून रागावू नकोस. तारेसाठी भोकरदनला जावं लागतं, आणि त्या दिवशी जायच्या अवस्थेत घरात कुणीच नव्हतं. आपला वसंता गेला. केशर आत्याचा वसंता. मंगळवारी दुपारी, आपल्या बौद्धवाड्याच्या विहिरीत.

यंदा पाऊस झालाच नाही हे तुला ठाऊक आहे. नदीच्या वाळूत झिरे खोदून आम्ही वाटीवाटीनं पाणी भरतो. विहीर दिवाळीतच आटली, म्हणून आबांनी सगळ्यांना जमवून ती खोल करायला घेतली. भोकरदनहून अलीमभाई सुरुंगवाले आले. ते खडक फोडायचे, आपली पोरं खाली उतरून दगड-गाळ टोपल्यात भरायची आणि वरचे ओढायचे. त्या दिवशी जेवणं झाल्यावर वसंता उतरला. एक टोपलं वर आलं, दुसरं आलंच नाही. शेजारचा रामराव हाका मारत अर्ध्यापर्यंत उतरला, तर त्याला गरगरायला लागलं. तो कसाबसा वर आला. शेवटी गळ टाकून वसंताला काढलं. अंगावर खरचटण्याशिवाय काही नव्हतं, झोपल्यासारखा चेहरा. डॉक्टर म्हणाले गुदमरला, आणि कागदावर सही करून गेले.

एवढ्यावर भागलं असतं तरी खूप होतं. पण छप्पन साली दीक्षा घेतल्यावर आबांनी घरोघरचे देव टोपलीत गोळा करून याच विहिरीत बुडवले होते, ते तुला आठवत असेल. मी तेव्हा लहान होते. वसंता जायच्या आधी दोन-तीन दिवस ते पितळेचे टाक गाळाबरोबर वर आले. आबांनी पायानं बाजूला सारले आणि भंगारात घाला म्हणाले. आता सगळं गाव म्हणतंय, साती आसरा कोपल्या. विहिरीत त्या बायका राहतात, टळटळीत दुपारी माणूस ओढून नेतात, आणि यांनी तर त्यांच्या डोक्यावर देव फेकले. आपल्या वाड्यातलेही आता हळू आवाजात तेच बोलतात. आत्या बोलत नाही, पण परवा संध्याकाळी तिच्या ओच्यात मला हळदीची पुडी दिसली.

तू हवेच्या कचेरीत आहेस म्हणून विचारते. वर्गात मी पोरांना शिकवते की हवेत चार हिस्से नत्रवायू, एक हिस्सा प्राणवायू आणि चिमूटभर कार्बन डायऑक्साइड. मग विहिरीतल्या हवेत असं काय होतं? मला आबांना सांगायला काहीतरी पाहिजे. ते जेवत नाहीत, नुसते बसून राहतात.

शाळा, शाळेनंतर दुष्काळी कामावर सुकडी वाटायची ड्यूटी, घरी आलं की रेशनच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी आणि आत्याचं रडणं. रडायलाही फुरसत नाही, हे तुला म्हणून लिहिते.

तुझी,
बेबीनंदा


पुणे
१९ फेब्रुवारी १९७३

चि. बेबीस,
जयभीम.

पत्र वाचून तसाच बसून राहिलो. वसंता मागच्या उन्हाळ्यात माझ्याकडे आठ दिवस राहून गेला होता. हवा मोजायचा फुगा आम्ही आकाशात सोडतो, त्याची दोरी धरायला त्याला इतकी मजा वाटली की परत जाईचना. मी आता त्याच्याबद्दल जास्त लिहीत नाही, नाहीतर हे पत्र पुरं होणार नाही.

तू विचारलंस ते सांगतो. सुरुंग उडाला की त्यातून विषारी धूर निघतो. दारूचा वास गेला तरी तो धूर जात नाही. तो तळाशी राहिला असणार आणि वसंता त्यात सापडला. यात बायकाबियका कुठे आल्या?

एरवी हवा एका जागी बसत नाही, बेबी. जमीन उन्हानं तापते, तिच्याजवळची हवा तापून वर जाते, वरची गार हवा खाली येते. दिवसभर हे ताक घुसळल्यासारखं चालू असतं. तू वर्गात सांगतेस तो चार हिस्से-एक हिस्सा हिशेब आपल्या अंगणातही तोच आणि विमानं उडतात तिथंही तोच, तो या घुसळण्यामुळेच. नाहीतर जड वायू खाली साचले असते आणि आपण सगळे झोपेतच संपलो असतो. तेव्हा काळजी करू नका. काम थांबवा, विहीर महिनाभर उघडी राहू द्या. वाऱ्यानं ती आपोआप धुऊन निघेल.

आबांना माझ्या नावानं सांग की विहिरीत काही नाही. आणि जेवायला सांग.

माझं बरं आहे. रात्रपाळ्या फार होतात, अंग आंबून जातं. खाणावळीत आता भाताचं प्रमाण निम्मं केलंय.

तुझा दादा,
सर्जेराव


केदारखेडा
४ मार्च १९७३

ती. दादास,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र आलं आणि आबा उठले. अंघोळ केली, पांढरं धोतर नेसले आणि पत्र खिशात घालून थेट चावडीवर गेले. मला मागून बोलावून घेतलं आणि सगळ्यांसमोर वाचायला लावलं. मी वाचलं. शेवटचं वाक्य त्यांनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. मग म्हणाले, "ऐकलं का? माझा पोरगा हवेच्या हापिसात हाय. तो लिहून राह्यला, हिरीत कायबी न्हाई. सोळा वर्षं मी तेच बोंबलून राह्यलो."

गावातले एक काकासाहेब आहेत, ते म्हणाले, "मंग उतर की कडूबा. पाडव्याच्या आदल्या दिशी अमावस्या हाय. भर दुपारी उतर आन् वर ये. मंग आम्ही मानू."

आबा म्हणाले, "उतरतो. बराबर बारा वाजता."

आता ते शब्द मागे घेणार नाहीत. मला सुरुवातीला भीती वाटली, पण खरं सांगू, मला बरंही वाटलं. महिन्याभरानं आबा जेवताहेत. रात्री झोपतात. अलीमभाई येऊन गेले, ते म्हणाले, "चाचा उतरे तं मैं बी संगं उतरतो." सुरुंग त्यांचा होता म्हणून ते स्वतःलाच दोष देताहेत. आबा उतरून धडधाकट वर आले तर वाड्याची भीती जाईल, काम पुन्हा सुरू होईल आणि उन्हाळ्याच्या आत पाणी लागेल. नाहीतर मे महिन्यात आम्ही काय पिणार हा प्रश्नच आहे.

आत्याशी मात्र आबांचं वाजलं. ती पहाटे विहिरीच्या काठावर कुंकू टाकून आली होती. आबांनी ते पायानं पुसलं. ती म्हणाली, "भाऊ, माझं लेकरू गेलं, तुजं न्हाई." त्यानंतर दोघं बोलत नाहीत. एकाच्या घरातून दुसऱ्याच्या घरात मीच निरोप नेते.

गावाला तर आता कशातही आसराच दिसतात. विहिरीत पारवे राहायचे ना, ते हल्ली आत उतरत नाहीत, काठावरच बसतात. परवा एक पारवा पाण्याच्या आशेनं खाली गेला तो वर आलाच नाही. माझ्या वर्गातली पोरं मला सांगत आली, बाई, आसरांनी पारवा खाल्ला. मी त्यांना रागावले.

तुझ्या पत्रानं आबांना बळ आलं, एवढं सांगायला हे लिहिलं. तू तब्येत सांभाळ. अक्षर जरा वाकडं वाटलं.

बेबीनंदा


(तार)
पुण्याहून भोकरदनला, १२ मार्च

आबांना विहिरीत उतरू देऊ नये. कोणीच उतरू नये. पत्र येत आहे.
सर्जेराव


पुणे
१२ मार्च १९७३

चि. बेबीस,
जयभीम.

आत्ताच तार करून आलो. माझं पहिलं पत्र चुकलं. तू पारव्याचं लिहिलं नसतंस तर मला ते कळलंही नसतं.

सुरुंगाचा धूर असता तर महिन्याभरानं पारवा मेला नसता. म्हणजे तिथं जे आहे ते रोज नव्यानं तयार होतंय. विहिरीचा तळ खणला, कुठल्या काळचा पाला, शेण, गाळ उघडा पडला. तो कुजतोय. कुजताना तो प्राणवायू खातो आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो. तो हवेच्या दीडपट जड असतो. त्याला वास नाही, रंग नाही.

मी म्हटलं होतं की वारा तो धुऊन नेईल. मोकळ्या रानाचा नियम मी डोळे झाकून विहिरीला लावला. आणि गंमत म्हणजे, हे ज्याला सगळ्यात आधी सुचायला हवं तो मीच होतो. माझं काम काय आहे ते तुला कधी नीट सांगितलं नाही. आमच्या फुग्याला एक डबी बांधलेली असते. तिच्यात पोटॅशियम आयोडाइडचं पाणी आणि एक बारकासा पंप. बाहेरची हवा त्या पाण्यात बुडबुडते. हवेत ओझोन असला की पाण्यातून आयोडीन सुटतं, त्यावर थोडीशी वीज वाहते, आणि तिचा आकडा रेडिओवरून खाली माझ्या टेबलावर येतो. त्याच्याबरोबर थंडी किती तेही येतं. जमिनीपासून वर सतरा किलोमीटरपर्यंत थंडी वाढत जाते, अगदी शून्याच्या खाली ऐंशीपर्यंत. खाली गरम, वर गार, म्हणून तिथवरची हवा घुसळते. ढग, वारा, पाऊस, सगळं त्याच थरातलं. त्याच्यावर गेलं की उलटं सुरू होतं. ओझोन उन्हातला जहरी भाग खातो आणि त्यानं तापतो. तिथं वर गरम आणि खाली गार. गार हवा जड, ती आधीच खाली बसलेली, मग ती हलेल कशाला? तिथली हवा थरावर थर अशी पडून असते. ज्वालामुखीची राख तिथं पोचली तर वर्ष-दोन वर्षं खाली येत नाही.

काल आकडे उतरवून घेत होतो आणि तुझं पत्र शेजारी पडलं होतं. फाल्गुनात आपल्या विहिरीचं काय होतं? वर ऊन, तळाशी गारवा. वर गरम, खाली गार. तीच गोष्ट, बेबी. दुपारी ती हवा हलतच नाही. जड वायू तळाशी साचतो आणि साचून राहतो. वसंता दुपारी गेला.

पहाटे तेवढं बरं असतं. बाहेरची हवा विहिरीतल्या हवेपेक्षा गार होते, जड होऊन आत उतरते, आतली वर निघते. म्हणून कुणाला उतरायचंच असलं तर दिवस उगवताना, आणि तेही तपासून. आधी पेटता कंदील दोरीनं सोडायचा. ज्योत विझली की तिथं प्राणवायू नाही, उतरायचं नाही. मग कडुलिंबाच्या डहाळ्यांचा भारा बांधून तो तळापर्यंत वर-खाली, वर-खाली करायचा, म्हणजे हवा ढवळेल. वरून पाणी शिंपडायचं, पाणीही हवा ओढून नेतं. पुन्हा कंदील सोडायचा. तो तळाशी जळत राहिला तरच कमरेला दोर बांधून एकानं उतरायचं.

गाव म्हणतं दुपारी विहिरीत उतरू नये. कारण खोटं आहे, पण वेळ खरी आहे. आबांनी मुद्दाम नेमकी तीच वेळ निवडली. हे त्यांना सांगताना जपून सांग.

मला दोन दिवस कसकस आहे. बाकी ठीक.

सर्जेराव


केदारखेडा
२० मार्च १९७३

ती. दादास,
सप्रेम जयभीम.

तार आली तेव्हा आत्यानं हंबरडाच फोडला, तिला वाटलं तू गेलास. पोस्टमनसुद्धा तोंड पाडून उभा होता. मी वाचून दाखवली तेव्हा आबा हसले. मग पत्र आलं, आणि हसणं गेलं.

मी जपूनच सांगितलं. आसरांचा विषयही काढला नाही. हवेचे थर, गाळ, जड वायू, सगळं सांगितलं.  मग मी कंदिलावर आले तशी त्यांनी मान वर केली. म्हणाले, "पुन्हा सांग." मी पुन्हा सांगितलं.

"दिवा सोडा. लिंबाचा डहाळा फिरवा. पाणी शिंपडा. आन् तेबी पहाटंच्या पारी! अजून एक नारळ लिहिला असता तं पुजाच झाली असती. ज्या हातानं देव बुडवले त्याच हातानं दिवा सोडू? सगळ्या गावाम्होरं?"

मी म्हटलं, आबा, हा दिवा देवाचा नाही, हवा मोजायचा आहे. तर म्हणतात, "हे मला कळतं, तुला कळतं. काकासाहेबाला कळंल का? केशरला कळंल का? त्ये दिवा बघतील. दिव्याचं कारण कोण बघतं?"

मग त्यांनी तोडगा काढला. राजूरच्या बाजारातून बॅटरी आणली आणि म्हणाले, ही सोडतो, हिला कुणी पूजा म्हणणार नाही. आता मी हसावं की रडावं? बॅटरीला प्राणवायू लागत नाही. ती मेलेल्या माणसाच्या उशाशीही जळत राहील. हे मी समजावलं तर ते चिडले. तुझं पहिलं पत्र काढून माझ्यासमोर आपटलं. "त्याच पोरानं लिहिलं न्हाई का, हिरीत कायबी न्हाई म्हून? आता म्हन्तो हाय. मंग गाव खोटं काय म्हन्तंय? त्येबी हायच म्हन्तंय!"

दादा, त्यांच्या लेखी दोनच गोष्टी आहेत. एक तर विहिरीत आसरा आहेत, नाहीतर काही नाही. तिसरं काही असू शकतं हे त्यांना हरल्यासारखं वाटतं. मला राग येतो, आणि मग त्यांचे हात बघितले की रागही टिकत नाही. या म्हाताऱ्यानं सगळ्या गावाचा बहिष्कार सोसून ते देव बुडवले होते. त्यानंतर दोन वर्षं आपल्याला कुणी दळण दळून दिलं नव्हतं.

वेळ बदलली तर गाव म्हणणार भ्याला. नाही बदलली तर अमावस्येला मी काय काय बघणार हे तुला लिहवत नाही. अलीमभाई संगं उतरायचं म्हणतात ते म्हणतातच. मी सांगून बघितलं, तर म्हणाले, "बहन, पहले मेरा धमाका, अब चाचा अकेला? नहीं होता मेरे से."

तू वीस-वीस किलोमीटर वरची हवा बसल्या जागी मोजतोस. इथं चाळीस फूट खाली माझा बाप उतरतोय आणि मी त्याला थांबवू शकत नाही. तू ये. पत्रं पुरे झाली. मी थकले आहे, दादा, आता माझ्यानं एकटीनं होणार नाही.

बेबीनंदा


पुणे
२६ मार्च १९७३

ती. आबांस,
सविनय जयभीम.

बेबी, हे पत्र आबांना घरात बसून वाचून दाखव. चावडीवर नको.

आबा, मला यायचं होतं. कावीळ झाली आहे, उठून उभा राहिलो तर डोळ्यांपुढे अंधारी येते. डॉक्टरनं एसटीत बसायला बंदी केली आहे. मित्र जवळ बसलाय, तो पाकिटावर पत्ता लिहील. बाकीचं मी लिहितो, थांबत थांबत.

पहिल्या पत्रात मी लिहिलं, विहिरीत काही नाही. ती माझी चूक, तुमची नाही. मला लिहायचं होतं की आसरा नाहीत. मी घाईत लिहिलं, काही नाही. तुम्ही माझ्या शब्दावर उभे राहिलात आणि मी आता तो शब्द काढून घेतोय. तुम्हाला राग यायलाच पाहिजे.

पण तुम्ही मला लहानपणी काय शिकवलं? काठावर उभं करून म्हणाला होतात, सर्जा, दिसत नाही त्याला भ्यायचं नसतं. आबा, मी रोज जे काम करतो ते सगळं न दिसणाऱ्याचंच आहे. हवा दिसत नाही. ओझोन दिसत नाही. भिऊ नये हे खरं, पण नाहीच असं म्हणून चालत नाही. मोजावं लागतं. कंदील म्हणजे तेवढंच, मोजमाप. माझ्या फुग्याच्या डबीचं काम तिथं कंदील करेल, दुसरं काही नाही.

तुम्ही दुपारी उतरलात तर काय होईल ते सांगतो, कारण बेबी तुम्हाला सांगणार नाही. तळाला पोचायच्या आधी तुमचे पाय जातील. हाक मारायला तोंड उघडाल आणि आवाज येणार नाही. अलीम शेजारी असेल, तो तुम्हाला उचलायला वाकेल आणि तोही पडेल. मग रामराव उतरेल. तो एकदा उतरलाच होता, त्याच्यानं राहवणार नाही. त्याच्यामागे आणखी कुणीतरी. आणि बेबी काठावर उभी राहील असं तुम्हाला वाटतं का? अशा विहिरीत माणूस एकटा मरत नाही, आबा. आपला वसंता एकटा गेला, कारण रामरावला वेळेवर गरगरलं.

दिवा सोडला तर गाव काय म्हणेल ते मला कळतं. म्हणतील कडूबा देवाला शरण आला. तुम्ही कितीही समजावलंत तरी तेच म्हणतील, आणि त्यातलं काही मला इथून वाटून घेता येणार नाही. ते तुम्हालाच सोसावं लागेल. मी एवढंच मागतो. तुम्ही उतरू नका, आणि दिवा सोडल्याशिवाय कुणाला उतरू देऊ नका.

हात चालत नाही, म्हणून थांबतो.

तुमचा,
सर्जेराव


केदारखेडा
५ एप्रिल १९७३

चि. सर्जास,
कडूबाचा जयभीम.

मी सांगून राह्यलो, बेबी लिहून राह्यली. तिला म्हनलो, माझं जसं हाय तसं लिही, सुधरू नको.

अमावस्या होऊन गेली. मी जित्ता हाय, अलीम जित्ता हाय, रामराव जित्ता हाय. पयले हे घे, मंग बाकीचं.

तुझं पत्र बेबीनं दोन बार वाचलं. पयल्या बारीला मला राग आला. दुसऱ्या बारीला मी उठून भायेर गेलो. तिथं रामराव त्याच्या बारक्या पोरीला खांद्यावर बसवून झिऱ्याकडं चालल्ता. पोरीनं त्याचे केस धरल्ते. त्यो मला म्हनला, "मामा, अमावस्येला मी दोर धरतो बरं का."  घरी आलो आन् बेबीला म्हनलो, कंदील पुसून ठिव.

त्या दिशी पहाटं गेलो. कोनाला बोलावलं न्हाई, पन सगळं गाव आल्तं. काकासाहेब म्हनला, "कडूबा, बारा वाजायला टाइम हाय." मी म्हनलो, माहीत हाय. कंदील मी सवता सोडला. बेबी म्हनत व्हती मी सोडते, शाळेचा प्रयोग म्हून सांगते. मी म्हनलो न्हाई, बोलणं खायचं हाय तं माझं मीच खातो.

अर्ध्याच्या खाली गेला आन् इझला. मागून बाया म्हनल्या, बघा, फुंकला. वर वढला, पेटवला, पुन्हा सोडला. तिथंच इझला. सर्जा, ज्या जागी इझला तिथं मी भर दुपारी उतरनार व्हतो.  मी दोर मनगटाला घट गुंडाळला.

मंग लिंबाचा भारा बांधून रामरावनं आन् मी खालवर केला. लई वेळ केला, खांदे भरून आले. मंग पाणी. पाणी मागावं कोनाला? घरोघर झिऱ्याचं, तांब्यावर मोजलेलं. मी उभाच व्हतो. तं केशर आली. महिनाभर माझ्यासंगं बोलली न्हाई ती. तिनं तिची भरली घागर आनून आत वतली. मंग दुसऱ्या बायांनी तांब्या तांब्या वतलं. हात जोडून वतत व्हत्या. त्या काय समजून वतत व्हत्या ते मला बराबर समजत व्हतं. सोळा वर्षांआधी मी त्या हातांवर वरडलो असतो.

तिसऱ्या बारीला कंदील तळाला टेकला आन् जळत राह्यला. अलीमनं कमरेला दोर बांधला आन् बिस्मिल्ला म्हून उतरला. मला वर बसून दोर धरायला ठिवलं. त्यो वर येईस्तोवर मी दोर ढिला पडू दिला न्हाई. त्यो वर आला, चिखलानं माखल्ला. पाणी न्हाई लागलं. ओल लागली. म्हनतो, और थोडा खोल जाना पडेगा. बघू. आता रोज पहाटं काम हाय, ऊन चढलं की बंद. दिव्याबिगर कोनाला उतरू देत न्हाई.

मी उतरलो न्हाई. काकासाहेब जाता जाता म्हनला, "कडूबा भ्याला, पन शहाना झाला." लोकं हसले. मी बी हसलो.

मंग केशर आली. काठावर माझ्याजवळ बसली आन् म्हनली, "भाऊ, तू दिवा दावलास. आता माझ्या वसंताला सुटका भेटली. खरं का न्हाई?" मला तुझं पत्र तोंडपाठ झालंय. गाळ, प्राणवायू, वर गरम खाली गार. सगळं तिला सांगता आलं असतं. बेबी बी तिथंच व्हती, माझ्या तोंडाकडं बघत व्हती. मी केशरच्या तोंडाकडं बघितलं आन् म्हनलो, व्हय, भेटली.

तवापासून रोज काठावर कुंकू ऱ्हातं. मी पुसत न्हाई. बेबीला इचारलं, मी चुकलो का? ती लिहिता लिहिता थांबली हाय.

तू अवशीद टाइमावर घे. तेलकट बिलकुल खाऊ नको. बरा झाला की ये.

गावात सगळे म्हनून राह्यले, कडूबा फिरला. वाड्यातले बी म्हनतेत. म्हनू दे, मी आता भांडून भांडून थकलो. तू तेवढं तसं समजू नको.

कडूबा